वळून पाहणारा शिक्षक : प्राध्यापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या समाजातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. महाडचे चवदार तळे, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे शाळेतील लहान मूलही क्रमाने सांगू शकते. मात्र या चरित्राची एक बाजू त्या मानाने दुर्लक्षित राहिली आहे. बाबासाहेब व्यवसायाने शिक्षक होते. सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र शिकविले, बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविला, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ते प्राध्यापक होते आणि पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. वसतिगृहे त्यांनी काढली आणि महाविद्यालयेही त्यांनीच उभारली. निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करावयाचे तर ते या बाजूने करणे अधिक उचित होईल.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात अलीकडे चिंतनशील व्यवहार हा शब्दप्रयोग वारंवार कानी पडतो. आपण केलेल्या कामाकडे थांबून पाहणे, काय साधले व काय फसले याचा निवाडा करणे आणि त्याप्रमाणे पुढचे काम बदलणे, हा त्याचा साधा अर्थ. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ च्या ग्रंथाने ही कल्पना जगभरच्या व्यावसायिकांत रूढ झाली. तिचे मूळ जॉन ड्युई यांच्या १९१० साली प्रकाशित झालेल्या विचारप्रक्रियेवरील ग्रंथात सापडते. आपल्या परंपरेत तर तिचे मूळ त्याहून पुष्कळ खोल आहे. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागतांनी राहुलाला आरशाचा उपयोग काय असे विचारले आणि जसा आरसा पाहण्यासाठी असतो तसे प्रत्येक कर्म पाहून, पारखून करावे, असा उपदेश केला. कर्म करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे आणि करून झाल्यावरही पाहावे. त्यातून स्वतःची किंवा दुसऱ्याची हानी होत असेल तर ते थांबवावे, झालेली चूक जाणत्यांपुढे उघड करावी आणि पुढे संयमाने वागावे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू व उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी जी धम्मवचने सुचविली, त्यांत राहुलाला केलेल्या उपदेशाचाही समावेश आहे.

बाबासाहेबांचे जीवन या तीन पाहण्यांच्या कसोटीवर तपासले तर त्यांच्या विद्वत्तेइतकाच त्यांचा एक दुसरा गुण दृष्टीस पडतो. त्यांनी आपले काम वेळोवेळी स्वतःच तपासले आणि तपासणीचा निष्कर्ष कितीही कटू निघाला तरी तो स्वीकारला.

घडण

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. म्हणजे भीमरावांना पहिला शिक्षक घरातच लाभला. इंग्रजी शिकविताना तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांतून नेमका शब्द शोधण्याची सवय रामजींनी मुलाला लावली. मॅट्रिकच्या अभ्यासासाठी ते पहाटे दोन वाजता त्याला उठवीत. पुस्तकासाठी पैसे कमी पडले तर विवाहित मुलींकडे उसने मागण्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही. साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेरचे व तहानेचे अपमान भोगलेला हा विद्यार्थी १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला, पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाला आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

कोलंबियात प्रा. सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि तेथेच प्रा. जॉन ड्युई यांच्या वर्गात ते बसले. विचार म्हणजे तयार उत्तरांचा साठा नसून अडचण समोर आल्यावर केलेला शोध आहे, ही ड्युई यांची भूमिका. अनुभवातून अनुमान काढावे, ते पुन्हा अनुभवावर ताडून पाहावे आणि टिकले नाही तर सोडून द्यावे, ही शिस्त बाबासाहेबांनी कायमची उचलली. आपल्यावरील ड्युई यांचे ऋण त्यांनी पुढे जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात मोकळेपणाने मान्य केले.

या शिस्तीचा पहिला पुरावा ९ मे १९१६ रोजी दिसतो. प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचे मूळ गटांतर्गत विवाहाच्या बंधनात आहे, असा सिद्धांत त्यात त्यांनी मांडला. ज्या व्यवस्थेने स्वतःला पोळले तिच्याविषयी लिहिताना माणूस संतापाने बोलला असता तर कोणी दोष दिला नसता. भीमरावांनी मात्र निबंधाच्या शेवटी आपले मत अंतिम मानण्याचे कारण नाही, ते टिकण्यासारखे नाही असे कोणी दाखवून दिले तर आपण ते सोडण्यास तयार आहोत, असे स्पष्ट केले. अन्यायाबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. आपल्या सिद्धांताबद्दल मात्र त्यांनी संशयाला जागा ठेवली. हा भेद ज्याला कळतो तोच खरा अभ्यासक होतो.

सिडनहॅममधील प्राध्यापक

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. बडोद्यात करारानुसार नोकरी करण्यास गेल्यावर एका पदवीधर विद्वानाला राहण्यास जागा मिळू नये, हा अनुभव त्यांच्या वाट्याला आला. तेथून मुंबईस परतल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अस्पृश्य मानलेल्या जातीतील हा शिक्षक काय शिकविणार, अशी शंका घेऊन प्रथम वर्गात बसलेले विद्यार्थी लवकरच निरुत्तर झाले आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांची व्याख्याने ऐकण्यास येऊ लागले. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावण्यास मात्र काही सहकाऱ्यांचा विरोध होता. माठाचा प्रश्न सुटेपर्यंत वर्गातील तयारी त्यांनी सैल पडू दिली नाही, आणि वर्गात नाव मिळाले म्हणून माठाचा प्रश्न ते विसरलेही नाहीत. याच काळात, जानेवारी १९१९ मध्ये, त्यांनी साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली आणि ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक पाक्षिक सुरू केले.

मासिक ४५० रुपयांची ही नोकरी त्या काळी सुखाची होती. पण आपले शिक्षण अपुरे आहे, हा निवाडा त्यांनी स्वतःच केला होता. पगारातून काटकसरीने रक्कम साठवून मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२२ साली बॅरिस्टर झाल्यावर रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी डी.एस्सी. पदवीसाठी सादर केला. ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवरील टीका परीक्षकांना झोंबली आणि प्रबंध पुन्हा लिहून देण्याची सूचना झाली. तोवर पैसे संपले होते. बाबासाहेब १९२३ साली मुंबईस परतले, निष्कर्ष न बदलता त्यांनी मांडणी सुधारली आणि प्रबंध पुन्हा पाठविला. तो मान्य झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. परत आलेली वही पाहून खचणाऱ्या विद्यार्थ्याला सांगावी अशी ही हकीकत आहे. कोणती टीका ऐकून बदल करावा आणि कोणत्या टीकेपुढे ठाम राहावे, हे ठरविण्यासाठीही आधी स्वतःचे लिखाण परक्याच्या नजरेने वाचावे लागते.

शंभरातील अठरा

वकिली सुरू झाली तरी शिकविणे सुटले नाही. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत होते. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या प्रारंभी सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले. बाबासाहेबांच्या शैक्षणिक कार्याचा आरंभ शाळेच्या इमारतीने न होता वसतिगृहाने झाला, ही गोष्ट निवासी शाळेत शिकलेल्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. सरकारी शाळेचे दार कागदोपत्री उघडले होते. पण ज्या मुलाला रात्री बसण्यास जागा नाही, दिवा नाही आणि दोन वेळची भाकरी नाही, तो त्या दारापर्यंत पोहोचला तरी आत टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

हे ओळखण्यामागे त्यांची आकडे वाचण्याची दृष्टी होती. १९२७ साली ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये शिक्षणाच्या तरतुदीवर बोलताना त्यांनी सभागृहापुढे एक हिशेब ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडतात. पटावर किती नावे चढली हा सरकारचा अभिमानाचा विषय होता. शेवटपर्यंत किती टिकली हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. काम झाल्यावर पाहावे, असे जे राहुलाला सांगितले गेले, त्याचे याहून नेमके उदाहरण शाळेच्या व्यवहारात सापडणे कठीण. १९२८ साली त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली आणि माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी सरकारी साहाय्याने निरनिराळ्या जिल्ह्यांत वसतिगृहे चालविण्याचे काम तिच्याकडे सोपविले.

विधी महाविद्यालयातही त्यांची नजर तशीच होती. जून १९२८ पासून काही महिने ते तेथे प्राध्यापक होते आणि १ जून १९३५ पासून १९३८ पर्यंत प्राचार्य. प्राचार्यपदी आल्यावर वर्ष होण्याआधीच, जानेवारी १९३६ मध्ये, महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. आपणच ज्या अभ्यासक्रमाचे प्रमुख आहोत त्यातील उणिवा त्यांनी त्यात मांडल्या. वकिलाला कलमे पाठ असणे पुरेसे नाही, मूलतत्त्वांची जाण हवी, इतर विषयांचे ज्ञान हवे, आपले म्हणणे सुसंगत मांडण्याची ताकद हवी, हा त्या विवेचनाचा रोख होता. खुर्चीवर बसलेल्या माणसाने त्याच खुर्चीच्या कामाची चिकित्सा करावी, हे तेव्हाही दुर्मीळ होते आणि आजही आहे.

लढ्याचा ताळेबंद

शिक्षणातील ही सवय त्यांनी चळवळीतही सोडली नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेऊन मानवी हक्क बजावला गेला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारखे सहकारी व शेकडो सत्याग्रही वर्षानुवर्षे लाठ्या, दगड आणि तुरुंगवास सोसत राहिले. दार उघडले नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून हा लढा थांबविण्याचा सल्ला दिला. मंदिरात जाऊन देवदर्शन घेणे हे आपले साध्य कधीच नव्हते, आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी हा हेतू होता आणि तो पुरा झाला आहे, यापुढे शक्ती शिक्षण व राजकारण यांकडे वळवावी, असा त्याचा आशय होता.

चालू असलेली चळवळ थांबविण्यास ती सुरू करण्यापेक्षा अधिक धैर्य लागते. अनुयायांचा उत्साह, विरोधकांचे हसे आणि आजवर सोसलेल्या मारहाणीची किंमत या सर्वांचा भार नेत्यावर असतो. या भारापुढे पुष्कळ नेते तीच वाट पुढे चालत राहतात. बाबासाहेबांनी साधन आणि साध्य यांचा हिशेब मांडला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत हिंदू म्हणून मरणार नाही, हा निर्धार जाहीर केला. त्यानंतर धम्मदीक्षेपर्यंत २१ वर्षे गेली. या काळात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, ग्रंथ वाचले, लिहिले आणि समाजाची मानसिक तयारी करवून घेतली. येवल्याच्या घोषणेची घाई करून त्यांनी समाजाला कोठेही नेऊन सोडले नाही. करण्यापूर्वी पाहणे याचा अर्थ या २१ वर्षांत सामावला आहे.

संविधान सभेतील पारख

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध झाला. त्यात ३१५ कलमे होती. स्वीकृत संविधानात ३९५ कलमे आहेत. दरम्यान सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहापुढे मांडल्या गेल्या. प्रकृती खालावलेली असताना कलमागून कलम उभे राहून समजावणे, पटलेली दुरुस्ती स्वीकारणे आणि न पटलेली कारण देऊन नाकारणे, हे काम त्यांनी केले.

या फेरबदलांवरून मसुदा समितीवर टीकाही झाली. समिती स्वतःच्याच मसुद्यात दुरुस्त्या करते, म्हणजे तिला आपले मन ठाऊक नाही, असा तिचा सूर होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी तिला जे उत्तर दिले ते शिक्षक, अधिकारी, डॉक्टर, अभियंता अशा कोणत्याही व्यावसायिकाने मनावर कोरून ठेवावे असे आहे. सदोष वाटलेली सूचना मागे घेऊन अधिक चांगली सूचना आणण्याचा प्रामाणिकपणा व धैर्य समितीने दाखविले नसते तर तो कर्तव्यात कसूर करण्याचा आणि खोट्या प्रतिष्ठेचा दोष ठरला असता, असे त्यांनी सांगितले. देशाचा मूलभूत कायदा लिहिणारा हा प्रकांड पंडित भर सभागृहात दुरुस्तीला भूषण मानतो. करीत असताना पाहणे याचे हे राष्ट्रीय पातळीवरील उदाहरण होय.

मिलिंद आणि मराठवाडा

वसतिगृहांच्या वीस वर्षांच्या अनुभवाचीही त्यांनी पारख केली. दुसऱ्यांच्या महाविद्यालयांत आपल्या मुलांची राहण्याची सोय करणे आवश्यक होते, पण उच्च शिक्षणाची दिशा ठरविण्याचे बळ त्यातून येत नव्हते. म्हणून ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाची दारे त्यांनी सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली ठेवली.

त्यानंतर त्यांची दृष्टी मराठवाड्याकडे वळली. निजामी राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेला हा प्रदेश उच्च शिक्षणात अतिशय मागे होता. त्यातही दलित मुलाला महाविद्यालय म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जून १९५० मध्ये औरंगाबाद येथे सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविली गेली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखा साक्षेपी माणूस बाबासाहेबांनी त्यासाठी निवडला आणि प्रकृती साथ देत नसतानाही ते स्वतः येऊन कामाची पाहणी करीत. मनमाडच्या मीटरगेज लोहमार्गावरील परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर या स्थानकांवरून पत्र्याची पेटी घेऊन गाडीत बसलेली आपल्या भागातील मुले नागसेनवनात उतरली. आज आपल्या जिल्ह्यात जे शिक्षक, वकील, डॉक्टर आणि अधिकारी दिसतात, त्यांतील अनेकांच्या घराची पहिली पदवी तेथून आली आहे.

या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले, त्यातही बाबासाहेबांची निवड अर्थपूर्ण आहे. ग्रीक राजा मिलिंद याला आपल्या वादविवादकौशल्याचा गर्व होता. भन्ते नागसेनांशी झालेल्या प्रश्नोत्तरांत त्यांचे म्हणणे पटल्यावर त्याने आपली हार प्रांजळपणे मान्य केली. परिसराला नागसेनवन हे गुरूचे नाव आणि महाविद्यालयाला हार मान्य करणाऱ्या शिष्याचे नाव! विद्यार्थ्याने कोणता गुण घेऊन बाहेर पडावे, हे त्या नावातच सांगितले आहे. विजयी राजांची नावे इमारतींना देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. पटलेल्या गोष्टीपुढे नम्र झालेल्या राजाचे नाव निवडणारा संस्थापक विरळाच.

आग्र्याची खंत

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. ज्या गुरूने चिंतनाची शिस्त शिकविली त्या ड्युईंना भेटण्याची त्यांची फार इच्छा होती. परंतु १ जून रोजी, अवघ्या चार दिवसांपूर्वी, ड्युई यांचे निधन झाले. गुरुशिष्यांची भेट राहून गेली.

चार वर्षांनी, १८ मार्च १९५६ रोजी, आग्रा येथील भाषणात बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातील कदाचित सर्वांत कठोर तपासणी जाहीरपणे मांडली. शिकून मोठे झालेले लोक समाजाची सेवा करतील, ही त्यांची आयुष्यभराची अपेक्षा होती. वसतिगृहे, महाविद्यालये, राखीव जागा या सगळ्यांच्या मुळाशी हाच विश्वास होता. प्रत्यक्षात आपल्याभोवती कारकुनांची गर्दी जमली आहे आणि ती पोट भरण्यातच गुंतली आहे, शिकलेल्यांनी आपल्याला फसविले, असे त्यांनी व्यथित होऊन सांगितले.

हे भाषण आपण बहुधा शिकलेल्या इतरांना सुनावण्यासाठी वापरतो. ते तसे नाही. शिक्षणाने मुक्ती येईल, या आपल्याच सिद्धांताचा परिणाम पाहून एका शिक्षकाने काढलेले ते अनुमान आहे. शिक्षण आवश्यक आहे, पण शीलावाचून ते अपुरे आहे. पदवीने नोकरी मिळते, करुणा मिळतेच असे नाही. ही उणीव ज्ञानाच्या जोडीला शील आणि करुणा मागणाऱ्या धम्मानेच भरून निघणार होती. सात महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखोंच्या समुदायाने धम्मदीक्षा घेतली, तिच्याकडे आग्र्याच्या खंतेच्या प्रकाशातही पाहता येते.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या निवासस्थानी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने त्यांनी आपल्या टेबलावर आणवून ठेवली. ती एकदा नजरेखालून घालावयाची होती. ६ डिसेंबरच्या पहाटे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. लिहिलेले पुन्हा वाचण्याचा त्यांचा नेम अखेरच्या रात्रीपर्यंत सुटला नाही.

आपल्या हाती काय

आपल्या प्रत्येक वस्तीत बाबासाहेबांचा पुतळा किंवा प्रतिमा आहे. १४ एप्रिल व ६ डिसेंबर आपण निष्ठेने पाळतो. ही निष्ठा आपल्या अस्तित्वाचा आधार आहे आणि ती टिकलीच पाहिजे. तथापि ज्या पुरुषाने स्वतःच्या सिद्धांताला, प्रबंधाला, सत्याग्रहाला, अभ्यासक्रमाला आणि अखेर स्वतःच्या अनुयायांनाही तपासून पाहिले, त्याला केवळ हार घालून आपण मोकळे होत असू, तर त्याच्या सवयींपैकी सर्वांत मोलाची सवय आपण घेतलेली नाही.

आम्हा शिक्षकांपुरते बोलावयाचे तर पाठटाचण आम्ही लिहितो, शेरेबुकात अधिकाऱ्यांचे शेरे घेतो, शिक्षण परिषदेत दरमहा बसतो. यांतील बहुतेक लेखन दुसऱ्याला दाखविण्यासाठी होते. पाठ संपल्यावर कोणत्या मुलाला काय समजले नाही, का समजले नाही आणि उद्या काय वेगळे करावे, या तीन ओळी स्वतःसाठी लिहिल्या तर त्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा अधिक शिकवितात. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल पटावर असते, वर्गात नसते. त्या नावापुढे रोज गैरहजेरीची खूण करणे हा हिशेब झाला. ते मूल शाळेत कसे राहील, त्याला निवासाची सोय कोठे मिळेल, हे विचारणे ही तपासणी झाली. शंभरातील अठरांचा हिशेब मांडणाऱ्या बाबासाहेबांचा वारसा दुसऱ्या प्रश्नात आहे.

पालकांसाठीही यात एक विनंती आहे. मुलाने परीक्षेत किती गुण मिळविले हे विचारताना, चुकलेले उत्तर का चुकले हेही त्याला शांतपणे विचारावे. चूक सांगितली तर मार बसतो, हे ज्या मुलाला कळते ते चूक लपविण्यास शिकते, आणि लपविलेली चूक दुरुस्त होत नाही. राहुलाला तथागतांनी चूक उघड करण्याचे धैर्य शिकविले, तसे ते घरातूनच शिकवावे लागते. आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे आग्र्याचा प्रश्न आजही उभा आहे. ज्या वसतिगृहाच्या भाकरीवर आणि दिव्यावर आपण शिकलो, तेथे आज बसलेल्या मुलासाठी आपण गेल्या वर्षभरात काय केले, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या मनाला द्यावयाचे आहे. ते कोणी मंचावरून विचारणार नाही.

करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे, करून पाहावे. तथागतांनी राहुलाच्या हाती दिलेला हा आरसा बाबासाहेबांनी आयुष्यभर स्वच्छ ठेवला. आपल्या शाळेच्या भिंतीवर त्यांची प्रतिमा आहेच. तिच्यासमोर उभे राहताना आपण आपल्याकडेही पाहावे, एवढीच या निमित्ताने मंगल कामना.

जय भीम! नमो बुद्धाय!